चंद्रपूरची दारूबंदी उठली, खर्ऱ्याची बंदी कागदावर आहे, आमच्या गावाला फरक काय पडला?

वर्धाकाठी (धागालेखक)
राम राम मंडळी. आमच्या ग्रामसभेत परत एकदा "दारूबंदी आणा" म्हणून विषय निघाला, बाया एका बाजूला, पोट्टे एका बाजूला, सरपंच मधात घाम पुसत. भांडण पाहून वाटलं इथं लिहावं, कारण या विषयावर पुण्या-मुंबईचे लोक पेपर वाचून बोलतात आन् आमच्याकडचे लोक पक्ष पाहून बोलतात.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्धा जिल्हा गांधी-विनोबांमुळे १९७५ पासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून, आन् आमचं चंद्रपूर १ एप्रिल २०१५ पासून. त्याच्या आधी बायांनी लय वर्षं आंदोलन केलं, २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी मोर्चा नेला होता, श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी पुढं होत्या. मुनगंटीवार अर्थमंत्री झाले आन् बंदी झाली. मग सरकार बदललं, वडेट्टीवार पालकमंत्री झाले, रमानाथ झा समिती बसली, आन् २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं बंदी उठवली. कारणं काय दिली, तर अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, बाया अन् लहान पोरं या धंद्यात ओढली गेली, महसूल बुडाला. खोटं एकही नाही त्यातलं. मी डोळ्यानं पाहिलं आहे, नदीच्या पलीकडं वणी म्हणजे यवतमाळ जिल्हा, तिकडं दुकानं उघडी, इकडं बंद, पूल ओलांडला की भाव दुप्पट, कधी तिप्पट, आन् माल कोणता ते देवालाच ठाऊक. शाळा सुटलेली पोरं बॅगेत पव्वे घेऊन फिरत होती.

पण माझा मुद्दा दुसराच आहे. बंदी आली तेव्हा जे लोक रोज पिणारे होते त्यांचं काय करायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. उठली तेव्हाही ठरवलं नाही. एका दिवशी कुलूप लागलं, दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं, मधातल्या सहा वर्षांत आमच्या तालुक्यात व्यसन सोडवायला एक खाटसुद्धा आली नाही. आता महसूल चालू झाला, त्यातला रुपया परत पिणाऱ्याच्या इलाजाला येते का? आमच्या गावात तरी आलेला दिसला नाही.

आन् खर्रा, म्हणजे पानठेल्यावर घोटून देतात तो सुपारी-तंबाखूचा? त्याची तर बंदी २०१२ पासून आहे म्हणतात. ज्या ग्रामसभेत दारूवर भाषणं चालू होती तिथं निम्म्यांच्या गालात खर्रा होता, भाषण करणाऱ्याच्यापण.

बंदी हवी की नको हे भांडण इथं नको. तुमच्या गावात, मोहल्ल्यात खरंच कशानं कमी झालं तेवढं सांगा.

कोथरूडचा_एक
"बंदी हवी की नको हे भांडण नको" असं म्हणून तुम्ही नेमका तोच धागा काढलाय :) असो. मला मूलभूत प्रश्न आहे, प्रौढ माणसाने काय प्यावं हे सरकारने का ठरवायचं? अख्ख्या महाराष्ट्रात कायद्याने दारूबंदीच आहे हे किती जणांना माहितीये? १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, प्यायला परवाना लागतो, देशीचा एक दिवसाचा २ रुपये, विदेशीचा ५, वर्षाचा १०० आणि आयुष्यभराचा १०००. आणि तो परवाना कशासाठी, तर "प्रकृती राखण्यासाठी". म्हणजे राज्यातला प्रत्येक पिणारा कागदोपत्री औषध म्हणून पितोय. बीअरला २१ वय, हार्ड लिकरला २५, म्हणजे आमदारकी लढवायच्या वयाचा झालास की व्हिस्की. ह्या ढोंगातून आधी बाहेर या.

मीनाताई_वैनगंगा
कोथरूडच्या दादा, परवान्याची गंमत तुमच्याकडं असेल, आमच्याकडं नवरा मजुरीचे पैसे घेऊन संध्याकाळी घरी येते की नाही एवढाच प्रश्न असते. मी गडचिरोलीची, बचत गटात आहे बरीच वर्षं. आमच्याकडं बंदी आहे म्हणून दारू नाही असं मी म्हणणार नाही. पण एक सांगते, दुकान उघडं असलं तर आम्हाला काही बोलता येत नाही, तो म्हणते लायसन आहे. बंदी असली तर आम्ही दहा बाया जाऊन सडवा (दारू गाळायला आंबवून ठेवलेला माल) फेकू शकतो, पोलिसाला फोन लावू शकतो, आन् त्याला आमच्यासमोर मान खाली घालावी लागते. कायदा आमच्या बाजूनं आहे हे बाईला माहीत असणं ही लय मोठी गोष्ट आहे, शहरात बसून नाही समजत.

आमच्या जिल्ह्यात २०१६ पासून मुक्तिपथ चालू आहे, डॉ. अभय बंग यांची सर्च ही संस्था, सरकार असं मिळून, दारू अन् तंबाखू दोन्हीवर. त्यात गावाची संघटना असते, विक्रेत्याला आधी समज द्यायची, मग दंड, मग पोलीस. आन् सर्वात मोठं म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराचं क्लिनिक, गावात शिबिर. माणूस पकडून नेत नाहीत, त्याला बोलवतात, घरच्यांना बसवतात. सगळेच सुटत नाहीत. पण "जा तिकडं" असं सांगायला एक जागा तर आहे. वर्धाकाठी दादा म्हणतात ती खाट हीच.

कोथरूडचा_एक
ताई, आदर आहे, पण आकडे बघा ना. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, राज्यात १५ वर्षांवरचे १३.९ टक्के पुरुष दारू पितात असं आलं आणि गडचिरोली, जिथे १९९३ पासून बंदी, तो जिल्हा राज्यातल्या सगळ्यात वरच्यांपैकी. मग ३० वर्षांत बंदीने केलं काय?

मीनाताई_वैनगंगा
दादा आमच्याकडं मोहाचं झाड अंगणात आहे. फूल उन्हाळ्यात पडते, बाया वेचतात, ते खातात पण, विकतात पण, अन् गोंड-माडियांच्या पूजेला, लग्नाला, मरणाला मोहाची लागतेच. त्या सर्व्हेवाल्यानं विचारलं पिता का, तर माणूस खरं सांगते हो म्हणून. वर्षातून चार सणाला पिणारा अन् रोज पिऊन बायकोला मारणारा दोघंपण त्या आकड्यात एकच आहेत. पुण्यातला माणूस सर्व्हेवाल्याला खरं सांगते का ते तुम्हीच सांगा.

निवृत्त_इन्स्पेक्टर
बरीच वर्षं उत्पादन शुल्कात काढली, थोडं आतलं लिहितो. एका अख्ख्या जिल्ह्यासाठी खात्याकडे जी माणसं आणि गाड्या असतात त्यात वाहतूक पकडणं म्हणजे नशिबावर आहे, खबऱ्या असेल तर केस होते. बंदीच्या जिल्ह्यात मोठा होलसेलवाला कधीच सापडत नाही, सापडते ती पाच लिटरच्या कॅनवाली म्हातारी किंवा मोटरसायकलवाला पोरगा, केसेसचा आकडा त्यांच्याच जिवावर वाढतो आणि मग तोच आकडा "बघा गुन्हे वाढले" म्हणून बंदी उठवायला वापरला जातो. हप्त्याबद्दल लिहीत नाही, सगळ्यांना माहिती आहे.

दुसरं म्हणजे आडवी बाटली. गावातलं किंवा वॉर्डातलं दुकान बंद करायला मतदानाची सोय आहे, २००८ चा आदेश. २५ टक्के महिलांनी सह्यांनिशी मागणी करायची, मग गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी बाटली. वाचायला फार छान. पण अट अशी की झालेल्या मतदानाच्या नव्हे तर यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पाहिजेत. म्हणजे जी बाई माहेरी गेली, जी ऊसतोडीला गेली, जी यादीत आहे पण वारली, ती सगळी मतं आपोआप दुकानदाराच्या खात्यात. एवढं असून बायांनी दुकानं बंद पाडून दाखवलीत, त्याला माझा सलाम आहे. बाटली आडवी झालेली गावं बघितलीत, तिथे फरक टिकतो, कारण गावच लक्ष ठेवतं. मंत्रालयातून आलेल्या बंदीला गावात धनी नसतो.

आणि हायवेपासून ५०० मीटरचा सुप्रीम कोर्टाचा आदेश आठवा, २०१७ च्या एप्रिलपासून लागू झाला. कोणी काय केलं? दुकानं हलली ती हलली, बाकी ठिकाणी रस्त्याचाच दर्जा बदलून टाकला, हायवे राहिलाच नाही तर अंतर कशाचं मोजता.

झणझणीत_तर्री
रस्त्याचा दर्जा बदलला हाहाहा. आमच्या वॉर्डात उलटं झालं, दुकान तिथंच राह्यलं फक्त दार मागच्या गल्लीत गेलं, आता येणारे जाणारे आमच्या खिडकीखालून.

दातांचा_डॉक्टर_नागपूर
खर्ऱ्यावर कोणीच बोललं नाही म्हणून मी लिहितो, कारण माझ्या खुर्चीत रोज तोच बसलेला असतो. विदर्भाबाहेरच्यांसाठी, खर्रा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना असं पन्नीत घेऊन पानठेल्यावर घोटून देतात, ताजा. त्याला ब्रँड नाही, पाकीट नाही, म्हणून पाकिटावरचा तो ८५ टक्के जागेवरचा भयानक फोटोही नाही, तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनचा फोन नंबरही नाही, छापणार कुठे?

बंदीचा इतिहास असा. २००२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली, ती २००४ ला सुप्रीम कोर्टात टिकली नाही. मग २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला, त्याच्या नियमात अन्नात तंबाखू आणि निकोटीन नको असं आलं, त्या आधारावर जुलै २०१२ मध्ये परत बंदी घातली, पुढे सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारीही त्यात. ती आयुक्तांच्या आदेशाने वर्षा-वर्षाने वाढवत नेतात. कंपन्यांनी लगेच काय केलं, पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी, गिऱ्हाईक तोंडात मिक्स करतो. आणि इकडे ठेलेवाला हाताने मिक्स करतो.

आता ज्यांना वाटतं तंबाखू काढला की खर्रा निरुपद्रवी, त्यांच्यासाठी. सुपारी स्वतः कॅन्सरकारक आहे, डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच ती पहिल्या गटात टाकली. तोंड उघडेनासं होतं, तिखट खाल्लं की आग होते, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि गेलेली लवचिकता पूर्वीसारखी परत येत नाही. आपली आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा, आत्ताच, वाचता वाचता. नाही गेली तर दाखवा कुणाला तरी. माझ्याकडे कॉलेजची पोरं येतात ज्यांची दोनच जातात, आणि ती म्हणतात सर मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारीचा खातो.

पण सगळंच निराशाजनक नाही. गॅट्स या तंबाखूवरच्या सर्व्हेत महाराष्ट्रातलं तंबाखूचं प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होतं ते २०१६-१७ ला २६.६ झालं, म्हणजे बंदी, फोटो, कर, शाळेतली जागृती या सगळ्याचं मिळून काहीतरी होतंय. आणि सिगारेट-बिडी ओढणारे फक्त ३.८ टक्के, बाकी सगळं तोंडात ठेवायचं. तरी आपली सगळी चर्चा, हॉटेलातले बोर्ड, २०० रुपये दंड, सगळं धुरावर. ई-सिगारेटवर २०१९ ला कायदा करून मोकळे झालो. वाईट केलं असं नाही, पण माझ्या खुर्चीतला पेशंट ई-सिगारेटवाला नाही हो.

वर्धाकाठी (धागालेखक)
डॉक्टर साहेब, तीन बोटं आत्ता करून पाहिली. जातात. घरच्या पोट्ट्याला करायला लावतो.

मांडवीकाठचो
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे दारूवर बंदी कधी नव्हती, पण गुटख्यावर बंदी २००५ पासून, तुमच्या आधी. म्हणून गोव्यात गुटखा मिळत नाही असं कुणी म्हटलं तर मी हसेन. आणि दारू स्वस्त म्हणून गोंयकार सगळे बेवडे असंही नाही, घरात काजूची फेणी असते, पाहुणा आला की निघते, परत कपाटात जाते. पण तरुण पोरांचे बाइक अपघात बघा, तिथे दारू दिसते, तेव्हा आमचं सगळं बरं आहे असंही नको. गंमत म्हणजे आमची स्वस्ताई तुमच्या सिंधुदुर्गाची डोकेदुखी, बांद्याला गाड्या तपासतात. शेजाऱ्याचा भाव वेगळा असला की बाटली चालत जाते, हे वणीच्या पुलावर जे तेच पत्रादेवीला.

निवृत्त_इन्स्पेक्टर
अगदी बरोबर. भावाचा विषय निघाला म्हणून, जून २०२५ मध्ये राज्याने उत्पादन शुल्क वाढवलं, विदेशी मद्याला निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट, देशीला प्रूफ लिटरला (अल्कोहोलच्या प्रमाणावर ठरणारं माप) १८० चे २०५ रुपये. १८० मिलीची बाटली देशी किमान ८०, विदेशी २०५, आणि मधे एक नवीन प्रकार, धान्यापासूनचं महाराष्ट्र मेड लिकर, १४८. वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे अपेक्षित.

झणझणीत_तर्री
म्हणजे लाडक्या बहिणीचे १५०० भाऊजींच्या क्वार्टरमधून. घरातला पैसा घरात.

कोथरूडचा_एक
हाहा. पण निदान हे बंदीपेक्षा बरं ना? भाव वाढवा, कमी पितील, जगभर हेच करतात.

निवृत्त_इन्स्पेक्टर
करतात, आणि चालतंही, पण तिथे हातभट्टी गल्लीत नसते. आपल्याकडे देशी परवडेनाशी झाली की माणूस हातभट्टीकडे जातो, आणि हातभट्टीत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल आलं की मालवणी होतं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाड-मालवणीला शंभरावर माणसं गेली, तिथे काही दारूबंदी नव्हती, लायसनवाली दुकानं होती. गरिबाला दुकानातली परवडत नव्हती म्हणून पिशवीतली घेतली. आमच्या खात्यात सगळ्यांना हे कळतं, पण भाव ठरवायच्या मीटिंगला आरोग्य खात्याचा माणूस बसलेला मी तरी कधी पाहिला नाही. म्हणून मधला स्वस्त प्रकार आणतात आणि त्याला धोरण म्हणतात.

आजचा_दिवस
पहिल्यांदाच लिहितोय इथे. मी पिणारा होतो, आता पीत नाही, दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपच्या मीटिंगला जातो. तुमच्या सगळ्या वादात एक गोष्ट सुटतेय ती सांगतो. मार्च २०२० ला लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद झाली ना, ती पण बंदीच होती, फक्त कोणी तसं म्हणालं नाही. मला दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम, झोप नाही, भिंतीवर मुंग्या दिसायच्या. रोजचा जड पिणारा एकदम थांबला तर फिट येऊ शकते, माणूस मरू शकतो, हे घरच्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. त्यांना वाटलं नाटक करतोय. एका दवाखान्यात नेलं तर तिथे म्हणाले बेवड्याला ॲडमिट करत नाही. मेमध्ये दुकानं उघडली तेव्हा लांबलचक लायनी लागल्या, टीव्हीवाले हसत होते, त्या लायनीत मीही होतो, मजा म्हणून नाही.

नंतर पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ ला सुरू केलेलं. तिथे पहिल्यांदा कोणीतरी मला आजारी म्हटलं. पण पुण्याला जायला भाडं लागतं, घरी कमावणारं दुसरं कोणी लागतं, महिनाभर सुटी लागते. घुग्घुसच्या खाणीतला कंत्राटी कामगार कसा जाणार? म्हणून वर्धाकाठी यांचा पहिल्या पोस्टमधला खाटेचा मुद्दा मला पटला. कुलूप लावा नाहीतर काढा, ज्या दिवशी लावाल त्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात गोळ्या आणि एक माणूस बसवा जो हाकलून देणार नाही. कोणाला लागला तर १४४४६ हा सरकारी नशामुक्तीचा फोन नंबर आहे, फुकट. तंबाखूसाठी १८००-११-२३५६.

दातांचा_डॉक्टर_नागपूर
आजचा_दिवस, लिहिलंत ते फार बरं केलंत. फक्त वाचणाऱ्यांसाठी जोडतो, रोज खूप पिणाऱ्याने घरी स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करू नये, डॉक्टरच्या देखरेखीत करा, पहिले दोन-चार दिवस धोक्याचे असतात. घरच्यांनी पण "आजपासून बंद" म्हणून कोंडून ठेवू नका.

कोथरूडचा_एक
ठीक आहे, एवढ्यावर मी पण सही करतो. बंदीला माझा विरोध आहे तो आहेच. पण मग २०२२ ला सुपरमार्केटात वाइनचा निर्णय झाला तेव्हा अण्णा हजारे उपोषणाला बसायला निघाले आणि तो निर्णय बासनात गेला. द्राक्षवाल्या शेतकऱ्याचं भलं झालं असतं ना?

मीनाताई_वैनगंगा
दादा तुमची वाइन तुमच्याजवळ. तुमच्या सुपरमार्केटात आमची कोणी बाई जात नाही, नवरा पण जात नाही :)

वर्धाकाठी (धागालेखक)
सगळ्यांचे आभार. पुढच्या ग्रामसभेत मी "दारूबंदी करा" असा ठराव मांडणारच नाही, तो मांडला की कलेक्टर म्हणेल धोरण राज्याचं आहे अन् फाइल बंद. त्याच्याऐवजी तीन गोष्टी मागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस व्यसन उपचाराची ओपीडी, मुक्तिपथसारखं आमच्या जिल्ह्यात पण. रात्री उशिरापर्यंत उघडं राहणाऱ्या दुकानावर वेळेची कारवाई, त्याला नवीन कायदा लागत नाही. आन् शाळेपासून १०० यार्डात तंबाखू विकायची नाही हा २००३ च्या कायद्यातलाच नियम आहे, तर मास्तरांनी टेप लावून मोजायचं. मीनाताई, तुमच्या गावात विक्रेत्याला द्यायच्या नोटिशीचा मजकूर असेल तर टाका ना इथं.

मीनाताई_वैनगंगा
आहे, फोटो काढून टाकते संध्याकाळी. पण नोटीस एकटा सरपंच देऊ नये, खाली पंधरा-वीस बायांच्या सह्या पाहिजेत, नाही तर त्याला वाटते राजकारण आहे. आन् पहिली नोटीस सगळ्यात छोट्या विक्रेत्याला देऊ नका, ती विधवा-बिधवा असते, गाव तिच्या बाजूनं जाते अन् काम तिथंच संपते. जो सप्लाय करते त्याच्या दारी जा आधी.

निवृत्त_इन्स्पेक्टर
ताईंनी आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवायला पाहिजे होतं.

झणझणीत_तर्री
वर्धाकाठी भाऊ, टेप लावून मोजणार म्हणता, पण शाळेसमोरचा ठेला कोणाचा आहे ते पाहून घ्या आधी.

वर्धाकाठी (धागालेखक)
सरपंचाच्या साळ्याचा आहे. आता ठरावाला सूचक कोण होते ते पाहू.